पाचपैकी किती गुण

माझं काम सांगितलं की लोक हसतात. पोशीर गावातल्या आमच्या घरात बसून मी दुसऱ्यांचे मेल वाचते आणि त्यांना गुण देते. हा मेल वाचून माणसाचं मन वळेल का? पाचपैकी गुण द्यायचे, खाली दोन ओळींत कारण लिहायचं. हात माझा आखडता. मी मास्तरीण झाले असते तर पोरांनी शाळाच बदलली असती.

मार्चमध्ये एका पक्षाचा देणगी मागणारा मेल तपासायला आला. ‘प्रिय ताई, तुमच्याशिवाय ही लढाई अपुरी आहे. आज रात्री बाराच्या आत आमच्या यादीत तुमचं नाव दिसेल ना?’ कसली ताई नि कसली लढाई! मी एक गुण दिला आणि लिहिलं, ‘खोटी जवळीक, उगाच घाई.’ पाठवण्याआधी गंमत म्हणून आईला वाचून दाखवला.

आई दाराशी बिरड्याचे वाल सोलत बसली होती. मागण्याच्या कामात तिचा हात धरणारं कोणी नाही. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या जयंतीची वर्गणी पंचवीस वर्षं तिनेच गोळा केली; आता तरुण पोरं फिरतात. घरात जाऊन बसायचं, पाणी मागायचं, पोरांच्या परीक्षांची चौकशी करायची आणि उठता उठता पावतीपुस्तक काढायचं. एकही घर वगळायचं नाही. ज्याच्या घरी चुलीची पंचाईत, त्याच्याकडेही मागायचं. तो ओंजळभर तांदूळ देईल, तेवढ्याचीही पावती फाडायची. तेव्हा या मेलची ती चांगली खरडपट्टी काढणार, याची मला खात्री होती.

“परत वाच गं,” ती म्हणाली.

मी वाचला.

“पाच दे.”

“अगं आई, यात साधं पाणीसुद्धा मागितलेलं नाही! तो तुला ओळखतो तरी का?”

“नसंल वळखत. पन मागतोय तर खरा.” तिचे हात थांबले. “काल जयंतीवाले समद्या वस्तीत फिरले. आपल्या दारावरनं पुढं गेले. मी तांब्या भरून ठेवला व्हता.”

दिवाळीनंतर माझे वडील गेले होते. वर्गणीवाल्यांना काल कोपऱ्यावर मीच अडवलं होतं. ‘या वर्षी आमचं घर राहू द्या, आईला त्रास नको,’ असं सांगितलं होतं. तेही बिचारे मान हलवून निघून गेले. आईच्या मनाचं मला सगळं कळतं, असा माझा मोठा तोरा होता. स्वतःचीच इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मेलचा एक गुण खोडून मी चार केले. कारणाच्या जागी काय लिहावं सुचेना, म्हणून तो तसाच ठेवून चपला घातल्या आणि विहारात जाऊन वर्गणीवाल्यांना घेऊन आले.

तिघं आले, बसले, पाणी प्याले. पावतीपुस्तक ज्याच्याकडे होतं तो शाळेत माझ्याच वर्गात होता. आईने त्याच्या लेकीची परीक्षा विचारली, त्याने सांगितलं, आणि उठायची वेळ झाली तरी त्याचा हात पिशवीकडे जाईना. तो माझ्याकडे बघत राहिला.

“तिच्याकडं काय बगतोस रं? माग की मला.”

“काकी,” तो चाचरत म्हणाला, “जयंतीची वर्गणी द्या.”

आईने कमरेचा बटवा काढला. त्याने पेन उघडलं आणि थबकला. दर वर्षी आमची पावती वडिलांच्या नावाने फाटायची. “नाव काय लिहू, काकी?”

मी वडिलांचं नाव सांगणार, तेवढ्यात आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“माजं लिही.”

सगळ्या वस्तीच्या पावत्या फाडणाऱ्या माझ्या आईच्या नावाची ही पहिलीच पावती. चष्मा लावून तिने ती दोनदा वाचली. मग ती रडली, वडील गेल्यापासून पहिल्यांदाच.