पोटावरून पारखलेलं पिल्लू

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण माझ्या अकलेचं दिवाळं कुठं निघालं सांगू? मानवतच्या बाजारात, भर दुपारी, एका टोपलीपुढं!

निजामाच्या राज्यातली गोष्ट. कुणाला बैल घ्यायचा असला की लोक आधी मला बाजारात न्यायचे. मी दात बघायचो, खूर बघायचो, आणि शेवटी पोटावर थाप मारायचो. घेर मोठा, तर बैल खाऊन कामाला भिडणारा. माझा शब्द म्हणजे फर्मानच!

तर त्या टोपलीत पाच पिल्लं होती. विकणारा म्हणाला, "नाना, तालुकदारसाहेबांच्या शिकारी कुतरीची नस्ल हाय!"

मी दात पाहिले, पंजे पाहिले, एकाच्या पोटावर थाप मारली. अहाहा! नगाराच! एवढ्याशा जिवाला एवढं पोट? मी थक्क झालो. तेच उचललं.

घरी कारभारणीनं त्याला मांडीवर घेतलं, मोत्या नाव ठेवलं. मग म्हणते, "आवं, निसतं पोटच हाय की. बरगड्या बघा!"

"तुला काय कळतंय? खानदानी हाय ते!"

शेजारी बघायला आले. प्रत्येकाचा हात मी त्या पोटावर ठेवला. पुढच्या बाजाराला चौघांनी उरलेली चारही पिल्लं आणली. माझ्या शब्दावर हो!

इकडं मोत्या दूध पिई, पोट फुगे, आणि पाय मात्र काडीसारखे. एका सकाळी तो उठेचना. कारभारीण रडायला लागली, "माझं लेकरू चाललं, अन् तुमी पोटाचं कौतुक करायलाव!"

माझं धाबं दणाणलं. धावत जाऊन धुरपदाआजीला आणलं. जातीची धनगर, सगळा जन्म मेंढरांत गेलेला. तिनं एकदा बघितलं.

"नाना, पोट बघून घेतलंस व्हय रं?"

"व्हय."

"पोट न्हाई बाबा ते. जंतांचं गाव हाय!"

तिनं पळसपापडी, म्हणजे पळसाचं बी, कुटून गुळातून चारली, वर एरंडेल पाजलं. दुसऱ्या दिवशी अंगणात बघतो तर काय? शेवया! ओंजळभर पांढऱ्या शेवया, आणि त्या वळवळत होत्या!

खरं सांगतो, मी तोंडात बोट घालून उभा राहिलो. आतडं ते केवढं, त्यात एवढा संसार! आणि तो पोसता पोसता हे पिल्लू रोज माझे हात चाटत होतं. मला माझीच लाज वाटली. तेवढ्यात मोत्या लटपटत उठला, वाटीला तोंड लावलं, शेपूट हलवलं. कारभारीण हसतच रडायला लागली.

म्हटलं, सुटलो. तर दारात चौघे शेजारी, काखेत चार नगारे!

"नाना, निवड तुमचीच. औषदबी तुमच्याच अंगणात."

दुसऱ्या सकाळी अर्धं गाव त्या चौघांच्या शेवया बघायला जमलं. सूप आणि झाडू कुणाच्या हातात? माझ्या! मी नाक दाबून वाकलो, तर मोत्याला मांडीवर घेऊन बसलेली कारभारीण म्हणते,

"आवं, कसंबी काय उचलताव? पारखून उचला की!"