एक गुण बाकी असताना

रविवार, १९ मार्च. सकाळी पडदे धुतले, लगेच वाळले. गुडघा बरा आहे. दुपारी चारला अंतिम सामना, डेपो विरुद्ध बंदर. दोन्ही निरोप लिहून ठेवले, जिंकल्याचा आणि हरल्याचा. हरल्याचाच जास्त चांगला जमला आहे. तो पाठवायची वेळ न येवो.

ऑपरेटरबाईंनी हे लिहून वही मिटली तेव्हा साडेदहा वाजले होते, आणि त्या दिवसाबद्दल त्यांना जरासुद्धा धास्ती वाटत नव्हती.

बस डेपोच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी एकतीस वर्षं काढली. काम सोडून सोळा वर्षं झाली तरी त्यांना ओळखणारे सगळे अजून ऑपरेटरबाई किंवा काकू म्हणतात. त्या बोर्डावर त्यांनी काय काय ऐकलं नाही! गाडी चुकलेले प्रवासी, सुट्टी नाकारलेले ड्रायव्हर, पगार घरी न पोहोचलेल्या बायका. ज्याला राग काढायचा असे तो आधी बाईंवरच काढायचा, कारण पहिला आवाज त्यांचा. बाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "जोडून देते हं, थांबा." एकतीस वर्षांत त्यांनी कुणाच्या तोंडावर फोन आपटला नाही.

त्यांचे यजमान त्याच डेपोत टाइमकीपर. लग्नाआधी हा माणूस रोज सकाळी बोर्डावर फोन करून विचारायचा, "बाई, किती वाजले?" डेपोतलं सगळ्यात मोठं घड्याळ त्याच्याच डोक्यावर टांगलेलं होतं. पाच महिने बाईंनी इमानेइतबारे वेळ सांगितली, मग एक दिवस त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

टाइमकीपरांना वेड होतं ते डेपोच्या व्हॉलीबॉल संघाचं. तिसऱ्या पायरीवर डिझेल पंपावरच्या दोस्ताशेजारी त्यांची जागा ठरलेली. त्यांचा एक नियम होता. हरलो तर आधी समोरच्याचा हात हातात घ्यायचा, रडायचं ते घरी जाऊन. पुढे सगळ्यांच्या हातात फोन आले, पाठीराख्यांचा गट झाला, तेव्हा तोच नियम तिथे लागू झाला. हरल्यावर गटावर पहिला निरोप टाइमकीपरांचा, जिंकलेल्यांचं अभिनंदन करणारा. तो येईपर्यंत बाकी कुणी अवाक्षर लिहायचं नाही.

सहा वर्षांपूर्वी ते गेले. दिवस झाल्यावर पंपवाला घरी आला, टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. "वहिनी, आता तुम्हीच लिहा. आमच्यातल्या एकालाही शिवी न घालता दोन ओळी लिहिता येत नाहीत."

बाई लिहू लागल्या, आणि टाइमकीपरांनी चालवलेला गटही त्यांच्याच हाती आला. पंपवाल्याने हौसेने आणखी एक केलं. कँटीनमध्ये बसून त्याने एकेकाचा फोन मागून घेतला आणि बाईंचा निरोप आला की पंचाची शिट्टी वाजेल अशी सोय करून दिली. "वहिनी बोलल्या की खेळ थांबला पाहिजे," तो म्हणायचा. चारशे फोन तरी झाले असतील.

त्या रविवारी पंपवाला चारशे जणांबरोबर स्टेडियममध्ये होता. बाईंना पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून त्या घरी सुनेच्या लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. सून बाजूला आठवड्याचे कपडे इस्त्री करत होती. डेपोने पहिले दोन सेट घेतले, बंदरने पुढचे दोन. पाचव्या सेटमध्ये गुण झाले चौदा-बारा. डेपोला एक गुण हवा होता आणि सर्व्हिस होती शिडीची. शिडी म्हणजे वर्कशॉपमधला तरुण इलेक्ट्रिशियन. दिवा बदलायला त्याला शिडी लागत नाही, म्हणून हे नाव. बंदरने अर्ध्या मिनिटाचा वेळ मागून घेतला.

"आई, जिंकलो!" सून म्हणाली.

"अगं, एक गुण बाकी आहे."

बाई असं म्हणाल्या खऱ्या, पण मनाने त्या जिंकून मोकळ्या झाल्या होत्या. फोनमध्ये हरल्याचा निरोप टाइप करून ठेवला होता. तो आता डोळ्यांपुढे नको असं त्यांना वाटलं. पुसून जिंकल्याचा लिहायला घ्यावा म्हणून त्यांनी अंगठा ठेवला, आणि निरोप गेला.

‘बंदर संघाचं मनापासून अभिनंदन. आज ते आपल्यापेक्षा सरस खेळले.’

"अगं बाई! गेला गं!"

"काय गेला?" सून इस्त्री तशीच हातात धरून धावली. पडद्यावर शिडी चेंडू घेऊन उभा होता. त्याने एकदा मागे प्रेक्षकांकडे पाहिलं, मग पंचांकडे. पंचांनी हाताने खूण केली. शिडीने चेंडू उडवला, घाईत मारला आणि तो जाळीत गेला. त्यानंतरचे तीन गुणही बंदरने घेतले. चौदा-सोळा.

बाईंनी निरोप मागे घेतला खरा, पण तोवर त्याचे फोटो काढून फिरवले गेले होते. पुढच्या तासाभरात गटावर जे आलं ते सून मोठ्याने वाचेना, म्हणून बाईंनी चष्मा लावून स्वतः वाचलं. म्हातारीने आधीच हात टेकले. म्हातारी पनवती. म्हातारीला बंदरने किती दिले? आणि त्याहून कितीतरी जास्त शिडीबद्दल. पाय लटपटले, विकला गेला, वर्कशॉपमध्ये ये मग बघतो. कुणीतरी त्याच्या आईचा उद्धार केला होता. कुणाला त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही.

मधेच शिडीचा एक निरोप होता. ‘चूक माझी आहे. काकूंना बोलू नका.’ त्याच्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

आणि त्याखाली पंपवाला. ‘टाइमकीपर असता तर आज त्याने मान खाली घातली असती.’

बाईंनी चष्मा काढला. बोर्डावर मिळालेल्या सगळ्या शिव्या एका बाजूला आणि ही ओळ एका बाजूला. या माणसाने त्यांच्या घरी वीस वर्षं जेवणं केली होती. त्यांनी टाइप केलं, ‘तुमच्या जिभेला हाड नाही हे ते जिवंतपणीच सांगत असत.’ पुष्कळ वेळ त्याकडे बघितलं. मग एकेक अक्षर पुसलं, या वेळी तर्जनीने, जपून, आणि सरळ फोन लावला.

"भावजी, मला म्हणायचं ते मला सांगा. गटावर कशाला?"

"काय सांगू वहिनी! सगळा डेपो रडतोय इथं."

"मी तो निरोप पुसत होते. जिंकलोच म्हणून पुसत होते."

पलीकडे गलका होता. पंपवाला बाजूला गेला असावा, कारण आवाज एकदम जवळ आला. "वहिनी, शिट्टी वाजली ना."

"कसली शिट्टी?"

"अहो, तुमच्या निरोपाची! पंचांनी सर्व्हिसची शिट्टी दिली, पोरगा चेंडू उडवणार, तोच मागून एकदम शिट्ट्या सुटल्या. चारशे फोन. त्याला वाटलं काहीतरी थांबवलंय. आठ सेकंदांत मारायचा असतो चेंडू, त्यातले पाच त्याचे इकडेतिकडे बघण्यातच गेले."

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"ऐकलं सगळ्यांनी. पण गोंधळात ध्यानात कुणाच्या आलंय? मी शेजारीच होतो म्हणून." त्याने आवाज खाली आणला. "वहिनी, शिट्टीचं कुठं काढू नका. ती मीच बसवली सगळ्यांच्या फोनवर. लोक मला फाडून खातील."

"आणि शिडीला खातायत ते?"

"तो तरुण आहे. दोन दिवस खाली मान घालेल, पुढच्या मोसमात दोन सामने जिंकून देईल, विसरतील सगळे. मी एकसष्टीला आलोय. मला त्याच पायरीवर बसायचंय."

बाईंनी फोन ठेवला, हळूच. सुनेला सगळं सांगितलं. सून इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगावर बसूनच ऐकत राहिली.

"आई, एक सांगू? गट बंद करून टाका. बटण तुमच्याच हातात आहे. फक्त तुम्हीच लिहू शकाल असं करा, की मिटलं."

"म्हणजे मी बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं?"

"मग काय तर! आधी शिव्या तरी थांबतील."

"शिडीला तोंडावर मिळतील त्या थांबतील का?"

"आणि तुम्ही सांगितलंत तर उद्या दूध आणायलाही बाहेर पडता येणार नाही. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे हवंय कशाला? तो स्वतःच म्हणतोय ना, चूक माझी."

सुनेचं चुकत होतं असं नाही. बाईंनाही भीती वाटत होती. लोकांची होतीच, पण अंगठ्याची जास्त होती. एका अंगठ्याने संघाचा वर्षभराचा घाम वाया गेला असेल, ही गोष्ट अजून त्यांनी स्वतःशीसुद्धा पूर्ण कबूल केली नव्हती. लिहिली की ती खरी होणार. न लिहिली तर मात्र तो पोरगा उद्या सकाळी आठ वाजता वर्कशॉपच्या फाटकातून एकटा आत जाणार.

त्यांनी आधी कागदावर लिहिलं, दोनदा खोडलं, मग सुनेकडून टाइप करून घेतलं. पाठवलं मात्र स्वतः.

‘डेपोच्या सर्व मंडळींना. चौदा-बारा असताना आलेला निरोप माझ्या हातून गेला. आपण जिंकलोच असं धरून मी तो पुसत होते. सर्व्हिसच्या ऐन वेळी स्टेडियममध्ये फोनवर ज्या शिट्ट्या वाजल्या त्या माझ्या त्या निरोपाच्या. त्यामुळे आपल्या खेळाडूचं लक्ष उडालं. त्याला कुणी एक शब्दही बोलू नये. बोलायचं ते मला बोलावं. बंदर संघ दोन सेट मागे असून जिंकला. त्यांचं मनापासून अभिनंदन.’

शिट्ट्या कुणी बसवल्या ते त्यांनी लिहिलं नाही.

मग जे सुरू झालं ते सुनेने वाचू दिलं नाही. फोन तिने आपल्या मांडीवर उलटा ठेवला. पण बाईंनी हात पुढे केला तसा द्यावा लागला. ‘आता सुचलं होय?’ ‘काकू, राहू द्या, होतं असं.’ ‘म्हातारीला गटातून काढा.’ ‘काढणार कोण, गट तिचाच आहे.’ बंदरच्या कुणीतरी हा निरोप पळवून त्यांच्या गटावर नेला होता आणि तिकडे हशा पिकला होता. शिडीच्या नावाने येणाऱ्या शिव्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत. दोघेतिघे अजून त्याच्याच मागे होते, शिट्टीने काय होतंय, मर्द असता तर मारली असती म्हणून.

शिडीला त्यांनी वेगळा निरोपही पाठवला, ‘उद्या कामाला जा बाळा’ एवढाच. तो पोहोचल्याची खूण उमटली नाही. त्याचा फोन बंद होता.

मग पडद्यावर एक करडी ओळ आली. पंपवाला गटातून बाहेर पडला होता.

"शिट्टीचा शब्द दिसला म्हणूनच," सून म्हणाली. "तुम्ही त्यांचं नाव तर घेतलंही नाही. परत घ्या त्यांना, घेता येतं."

"आपण होऊन गेलेत ते."

"फोन तरी करा."

बाईंनी नंबर काढला, बोट त्यावर नेलं आणि काढून घेतलं. पलीकडचा माणूस फोन उचलणार नाही, आणि उचलला तरी त्यांच्याजवळ जोडून द्यायला दुसरं कुणी नव्हतं. सून उठून इस्त्रीकडे गेली. बाई खिडकीशी जाऊन बसल्या. पुढच्या मोसमात निरोप कोण लिहील, आपल्याला लिहू देतील का, कशाचाच त्यांना अंदाज येईना.

रात्री नऊ वाजता त्यांनी वही उघडली. सामन्याचा निकाल लिहिला, गुणांसकट. आपल्या हातून काय झालं ते लिहिलं, तीन ओळींत. पंपवाल्याबद्दल एक ओळ सुरू केली आणि अर्धीच सोडली. मग पानाच्या तळाशी लिहिलं:

तूरडाळीच्या डब्यात किडे झाले आहेत. उद्या उन्हात घालायची.