देलूची न दिसणारी गुरं

नायजरच्या मागिया खोऱ्यात देलूइतकी तिखट जीभ दुसऱ्या कुणा बाईची नव्हती. पण तिचा कांदा मात्र अलीकडे सपक निघू लागला होता. कोवळी पात पिवळी पडायची आणि चिरताना कुणाच्या डोळ्याला धार लागायची नाही. तिचा मामेभाऊ शैबू भर बाजारात म्हणायचा, "देलूचा कांदा पोरांना खाऊ म्हणून द्या." आते-मामे भावंडांनी एकमेकांची टर उडवायची आणि कुणी रागवायचं नाही, असा तिथला रिवाजच. देलू रागावली नाही. तिने लक्षात ठेवलं.

शेतकी केंद्रातल्या बाईने माती तपासून सांगितलं, "गंधक कमी पडलंय. नुसती गंधकाची भुकटी पिकाला खाता येत नाही. मातीतले जिवाणू आधी ती पचवतात, मग मुळांना मिळते." तिने जिवाणू आणि भुकटी कालवलेलं शेणखत दिलं, जमीन ओली ठेव म्हणाली.

घमेलं डोक्यावर घेऊन परतताना वाटेत शैबू आडवा आला.

"काय नेतेस गं?"

"गुरं घेतलीत."

"घमेल्यात?"

"बारीक जात आहे, डोळ्याला दिसत नाही. पिवळी भुकटी खातात, त्यांचं शेण कांद्याला लागतं. तहान मात्र फार. पण राखायचं तुला कुठलं जमणार? तुझी तर शेळीसुद्धा पळून जाते."

दुसऱ्या दिवशी शैबू गुराख्याची काठी घेऊन नि चामडी टोपी घालून बांधावर हजर. देलूने खत पसरलेल्या रिकाम्या वाफ्याला हाका घालू लागला. माणसं जमली, हसून लोळली. "तहानली बघ," देलू म्हणाली. सोंग मोडू नये म्हणून त्याने विहिरीतून पाणी शेंदून पाजलं. लोकांना गंमत आवडली, म्हणून वाफ्यात कांद्याची रोपं लागल्यावरही तो रोज येत राहिला. देलू सावलीत बसून दुधात कालवलेला बाजरीचा फुरा पीत राही.

एक दिवस त्याची बायको बांधावर येऊन म्हणाली, "आणि आपल्या वाफ्यांना पाणी कोण पाजणार?" तेव्हा कुठे शैबूच्या डोक्यात उजेड पडला.

विहिरीजवळचा कांदा असा झणझणीत निघाला की चिरून बघताना व्यापाऱ्याच्या डोळ्याला धार लागली. वरच्या अंगाला, जिथे पाणी पुरेसं पोचलं नव्हतं, तिथला पूर्वीसारखाच सपक. तेवढा पोत्यात भरून देलूने शैबूकडे धाडला, गुराख्याची मजुरी म्हणून.

पुढच्या हंगामात त्याने तिच्या वाफ्यातली टोपलीभर माती मागून नेली, केंद्रातून भुकटीही आणली. पाणी मात्र बायकोने शेंदलं. आपली पाठ धरली आहे, असं तो सांगत असे.