मल्लम्माच्या पोळीचा भाव

मल्लम्माची शेंगापोळी ज्यानं खाल्ली न्हाय, त्यानं अणदुरात ऱ्हाऊन काय केलं, असं म्या अजून म्हणते. ती माझी शेजारीण. नवरा पटकीत गेला, लेकरू न्हाय. दोन खोल्या आन् एक चूल, एवढंच तिचं राज्य. भाऊ बंडप्पा नळदुर्गला. सारखा म्हणायचा, "अक्का, एकटी कशाला ऱ्हातीस? माझ्याकडं ये, पोरं सांभाळ." मल्लम्मा मला म्हणायची, "विठा, तिथं म्या पाव्हणी दोन दिस, मोलकरीण जन्मभर."

म्हणून तिनं पोळ्या विकायला काढल्या. ही पोळी आठ-पंधरा दिस टिकते. तुळजापूरचा दुकानदार गुंडाप्पा यात्रेकरूंसाठी बाजाराच्या बाजाराला दोनशे न्यायचा. भाव ठरवायचा बंडप्पानं. तो बैलबाजारातला दलाल. तिथं भाव तोंडानं बोलत न्हाईत, उपरण्याखाली बोटं धरून ठरवतात. हिच्या ओसरीवरबी तसंच चालायचं. आमी दोघी दाराआड. पैसे बंडप्पाच घ्यायचा, आत आणून द्यायचा आन् सांगायचा, "रुपयाला चोवीस."

तेव्हा तिकडं लढाई पेटलेली, इकडं निजामाच्या राज्यात गूळ महागला, शेंगा महागल्या. मल्लम्मानं दोनदा सांगितलं, "बंडू, वाढवून माग रं." दोनदा उपरणं हललं, दोनदा हा बाबा तोंड पाडून आत आला. "ऐकत न्हाय गं. लई चेंगट माणूस. चोवीसच."

मग मल्लम्मा सारण कमी भरायला लागली. जीव तुटायचा तिचा. तरी हातात काय उरंना. बंडप्पा म्हणाला, "परवडत न्हाय तर बंद कर की अक्का." शेवटी तिनं आपली मोठी परात मला देऊन टाकली, म्हणाली, पुढच्या महिन्यात जाते भावाकडं.

त्याच आठवड्यात गुंडाप्पा आला. बंडप्पा बाजाराला गेलेला. ओसरीवरूनच म्हणाला, "मल्लम्मा, राग मानू नका. गूळ महागला म्हणून म्या दोनदा भाव वाढवून दिला. चोवीसचे वीस केले, आता रुपयाला सोळाच घेतो. मग पोळी अशी कागदावानी का?"

मल्लम्मा डोईवर पदर घेऊन उंबऱ्यात आली. "किती म्हणालात?"

"सोळा."

"मुडदा बशिवला त्या बंडप्पाचा!" म्या वरडले. गुंडाप्पा दचकला. मल्लम्मा खालीच बसली. म्हणाली, "पैशाचं जाऊ दे, विठा. मला वाटायचं, माझ्या हातालाच बरकत न्हाय."

मग उठली. गुंडाप्पाला म्हणाली, "पुढल्या बाजाराला भरून पोळी देईन. सोळाच. भाव म्या सांगीन, तोंडानं." गल्लीत कुजबुज झाली, बाईमाणूस व्यापाऱ्याशी बोलती म्हणून. मरू दे गल्ली! परात तिनं माघारी नेली.

पंचमीला बंडप्पा बहिणीला न्यायला गाडी घेऊन आला, जसं काय घडलंच न्हाय. हसत आत शिरला आन् डालीतली एक पोळी उचलली.

"आण्याला एक," मल्लम्मा म्हणाली.

तो हसला. "अगं अक्का, म्या हाय."

"दिसतंय मला. आण्याला एक."

सोळा आण्यांचा रुपया, हिशेब त्याला कळला. त्याचं हसू गेलं. पोळी डालीत टाकून त्यानं बैल वळवले. गाडी वेशीपार होईस्तवर मल्लम्मा ताठ उभी होती. मग चुलीपुढं बसून लेकरावानी रडली. माहेर नसलेली तिची ती पहिली पंचमी.