डबा रिकामा परत करत नाहीत

ऐंशीच्या दशकात मी न्यू जर्सीत इतिहासात पीएच.डी. करत होते. विषय सांगितला की आई फोनवर 'पुन्हा सांग' म्हणायची: महायुद्धानंतर पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया या दोन शेजारी कम्युनिस्ट देशांनी एकमेकांकडे पाठवलेली गाण्याची पथकं. सरकारी कागदांत नुसती मैत्रीची भाषणं. मला त्यांतली माणसं हवी होती. ती मिळाली नसती तर प्रबंध गुंडाळून घरी जावं लागलं असतं.

मिळाल्या त्या न्यू जर्सीतल्याच पार्सिपनी गावात. प्रागहून पळून आलेल्या एक बाई, एके काळी या पथकांच्या दुभाषी. दर शनिवारी मी बसने थालीपीठं घेऊन जायची आणि तिसऱ्याच शनिवारी त्यांना मावशी म्हणायला लागले. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत हेही शिकवलं. मग त्या त्यात खसखशीचा केक घालून द्यायच्या.

त्यांच्याकडे एका पोलिश गायिकेची पत्रं होती. डोळ्यांजवळ धरून त्या ती मला इंग्रजीत सांगायच्या: तिचं फसलेलं लग्न, सीमेपलीकडून चोरून पाठवलेली गाणी. मी लिहून घ्यायची, कधी रडायचीसुद्धा.

"झेरॉक्स तरी काढून घे ना यार," माझी नागपूरची रूममेट म्हणाली.

"मावशीकडे पुरावा कोण मागतं?"

"तुझी कमिटी मागेल."

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पोलिश मी तेव्हा शिकतच होते. दुसऱ्या वर्षी जरा जमायला लागल्यावर मावशींना चकित करावं म्हणून, त्या चहा करायला गेल्या असताना, मी एक पत्र उचललं. अक्षर वाईट आहे, तुला लागणार नाही, असं त्या नेहमी म्हणायच्या. पत्र टाईप केलेलं होतं. खाली शिक्का. 'भेटीबद्दल आभार. आपल्या दोन देशांची मैत्री चिरायू होवो.' दुसऱ्यातही तेच. अकरा पत्रं, बदलत होतं ते फक्त साल.

चहा घेऊन आलेल्या मावशींनी माझ्या हातातले कागद पाहिले.

"गायिका होती," त्या म्हणाल्या. "तिने कधी लिहिलं नाही. तिच्या ऑफिसने लिहिलं." मग कप ठेवत म्हणाल्या, "या दोन ओळींसाठी तू दर शनिवारी आली असतीस?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दीड वर्ष या बाईने मला शेंडी लावली आणि वर मलाच विचारत होती. डबा तिथेच टाकून मी निघाले.

त्या पत्रांवर लिहिलेलं प्रबंधाचं प्रकरण फाडलं आणि खरं ते लिहिलं: ही मैत्री ऑफिसात टाईप व्हायची. कमिटीला तेच फार आवडलं. प्रबंधात त्या 'एक दुभाषी' आहेत, मावशी कुठेच नाहीत.

पदवी मिळाल्यावर पोस्टाने माझा डबा आला, घासूनपुसून. आत एक टाईप केलेला कागद होता. 'भेटीबद्दल आभार. आपल्या दोन देशांची मैत्री चिरायू होवो.' आणि खाली हाताने, खरोखरच वाईट अक्षरात: 'शनिवारी मी घरीच असते.'

मी गेले नाही.