लेतूबाईची जमात

झरी जामणीजवळच्या एका कोलाम पोडावर, म्हणजे लहानशा वस्तीवर, लेतूबाई सून होऊन आली, तेव्हा तिला कोलामी बोलीतला एक शब्दही येत नव्हता. ती गोंडाची लेक. महादू आत्रामशी स्वतःच्या मनानं लग्न केलेली. थोरली जाऊ अय्याबाई तिला देवाच्या पूजेत उभी राहू देत नसे. लेतूबाईनं बोली शिकून घेतली, आजारी सासूचं सगळं केलं. पूजेच्या दिवशी मात्र ती म्हातारी झाली तरी घरीच बसायची.

यंदा सर्वेक्षणासाठी पांढरकवड्याची नाजिया आली. जमात ज्याची त्यानं सांगायची होती.

"आजी, तुम्ही स्वतःला कोण मानता?"

शेजारी बसलेली अय्याबाईच म्हणाली, "कोलाम लिव. आमची हाय ते."

लेतूबाईचे डोळे भरून आले. तिनं जावेचा हात धरला. "बाई, हे आयकाले लय वाट पायली मी. पण माह्या मायले कशी इसरू? पोरी, दोन्ही लिव."

नाजियाच्या टॅबमध्ये एकच उत्तर बसत होतं. तिनं 'इतर' निवडलं आणि रिकाम्या जागेत दोन्ही नावं लिहिली.

अय्याबाई जरा फुरंगटली. "पयलं कोन्तं लिवलं?"

"कोलाम."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली, आणि दोघी जावा हसत सुटल्या.