क्रोम घालवलं ते मी

मुलांनो, आजोबा हल्ली व्हरांड्यात का बसत नाहीत, असं तुम्ही विचारलंत. फोनवर सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

काचबिंदूने त्यांचा डावा डोळा आधीच गेला होता. उजव्यानेही माणसं ओळखू येत नसत, फक्त चकाकणारं तेवढं दिसे. सकाळी अंगणात ऊन आलं की त्यांच्या जुन्या क्रूझर मोटरसायकलचा क्रोमचा चंदेरी मुलामा लखलखायचा. सायलेन्सर, मडगार्ड, हेडलाइटची कड. खुर्चीतून ते म्हणायचे, "दिसली." मग मी चहा ठेवायची.

शेजारी तुमच्या काकाची गाडी, तशीच, पण पूर्ण काळी.

"सुतकातली गाडी," आजोबा म्हणायचे.

"आणि तुमची बँडवाल्याची, बाबा."

मला विचाराल तर दोन्हींचा जाच सारखाच. क्रोमवर थेंब वाळला तरी डाग. काळीवर बायपासची धूळ लगेच दिसते, आणि मे महिन्यात तिला हात लावायची सोय नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी देवाची तांब्याची भांडी घासत होते. दुसऱ्या दिवशी गाडीची पूजा, म्हणून उरलेली चिंच आणि मीठ क्रोमला फासलं, तासभर तसंच ठेवलं, वर तारेच्या घासणीने घासलं. औषधाच्या बाटलीवरचं बारीक इंग्रजीसुद्धा वाचून काढणारी मी. गाडीची निगा कशी राखायची ते सांगणारं पुस्तक कपाटात होतं, ते उघडलं नाही. दिवाळीपर्यंत जागोजागी गंज फुटला.

मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाला, "अम्मा, ये क्रोम है, तांब्याचा हंडा नाय!" त्या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत, असंही त्याने सांगितलं.

"काळीच करून टाकू, आई," काका म्हणाला. "लई भारी दिसंल."

मी हो म्हणाले. आजोबांना विचारलं नाही. गाडी सर्व्हिसिंगला दिलीय, एवढंच सांगितलं. मला माझी चूक झाकायची होती.

आठवड्याने गाडी आली. सकाळी आजोबा खुर्चीत बसले. ऊन अंगणभर पसरलं.

"गाडी आली म्हणालीस ना?"

"समोरच आहे, अहो."

ते बराच वेळ बघत राहिले. मग हलकेच म्हणाले, "म्हणजे हाही डोळा गेला."

मी सगळं सांगून टाकलं. चिंच, गंज, काळा रंग. त्यांचा हात धरून सायलेन्सरवर ठेवला. त्यांनी टोकापर्यंत बोटं फिरवली. मिस्त्रीने काम चोख केलं होतं.

"गुळगुळीत तर आहे, पहिल्यासारखाच," ते म्हणाले. "राहू दे. माझी समजूत घालू नकोस."

गाडी खरंच काळी केलीय, असं काकानेही शपथ घेऊन सांगितलं. ते नुसते मान हलवत राहिले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चला म्हटलं की म्हणतात, आता कशाला. खुर्ची त्यांनीच आत न्यायला सांगितली. चहा आता आतल्या खोलीत देते.